तबेल्याखालचं तळघर

ठेकेदारानं नूरुद्दीन गवंड्याला कामावरच्या त्या घरात एकट्यानं राहायला सांगितलं, तेव्हा तो मनातून खूश झाला. तीन वर्षं तो कुवेत शहरातल्या मुरगाबमध्ये एका खोलीत सहा जणांबरोबर राहत होता. सगळे आपल्याच मुलखातले, म्हसळ्याचे, श्रीवर्धनचे, आंबेतचे. कुणी घोरायचा, कुणी पहाटे उठून खाकरत बसायचा, आणि अशरफ नावाचा ड्रायव्हर झोपेत भांडायचा. नूरुद्दीन दर पत्रात घरी लिहायचा, बाकी सगळं ठीक आहे, फक्त घटकाभर शांतता नाही.

ते १९५७ साल होतं, ऑक्टोबर महिना. शहराची जुनी मातीची तटबंदी त्याच वर्षी पाडली होती. सरकार जुन्या वस्तीतली घरं विकत घेत होतं आणि लोक मिळालेल्या पैशांतून बाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये बंगले बांधत होते. ज्या गल्लीत नूरुद्दीनला पाठवलं, तिथली सगळी कुटुंबं निघून गेली होती. दारं उघडी पडली होती. अंगणात कुणाचा तरी फुटका रांजण, कुणाची कपडे वाळत घालायची दोरी तशीच.

घर हाजी यूसुफ यांचं होतं. खरं तर घर म्हणण्यासारखं ते कधी नव्हतंच. हाजींच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार होता आणि त्यांचा मोठा वाडा समुद्राकडे तोंड करून उभा होता. वाड्याच्या पाठीमागे, या अरुंद गल्लीत, त्यांचा तबेला होता. खाली घोडे, वर दोन खोल्या, एक घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची आणि एक चाऱ्याची. रुंद रस्त्यासाठी वाडा गेला. रस्ता तबेल्याच्या दहा हात अलीकडे वळला, म्हणून तबेला राहिला. हाजींना तो दुरुस्त करून तिथे राहायला जायचं होतं. आणि त्याच्याखाली तळघर हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांचा मुलगा फहद मोटार घेऊन आला. चाळिशीचा, स्वच्छ पांढऱ्या झग्यातला, घाईत असलेला माणूस. तो ठेकेदाराशी अरबीत बोलला आणि निघून गेला. हाजी मात्र थांबले. सत्तरी ओलांडलेले, अंगानं वाळलेले, हातात काठी. तरुणपणी एकोणीस वर्षं ते वडिलांच्या मुंबईच्या पेढीवर होते, त्यामुळे मुंबईची हिंदी सफाईनं बोलायचे.

"उस्ताद, गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"बाणकोटची खाडी ठाऊक आहे हाजी? तिथलं."

"बोटीतून जाताना किल्ला पाहिलाय," हाजी म्हणाले. मग त्यांनी काठीनं भिंत दाखवली. "इथे दोन घोडे असायचे आणि इथे एक पांढरं गाढव. वडील घोड्यांपेक्षा गाढवावर जास्त माया करायचे."

"तुम्ही मुलाच्या बंगल्यात का नाही राहत?" नूरुद्दीननं विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

हाजींना राग आला नाही. "फहदचं घर चांगलं आहे. सून चांगली आहे. पण तिथे मी पाहुणा आहे. चहा मागितला की तबकातून येतो."

तळघराचं कारणही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. लहानपणी ते बसऱ्याला आजोळी जायचे. तिथे घराखाली सिरदाब होता, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी उतरून झोपायचं थंड तळघर. आजी, मामा, मावश्या, पोरं, सगळी एका रांगेत आडवी व्हायची. "बंगल्यात खिडकीला गार हवेचं यंत्र आहे," हाजी म्हणाले. "ते सारखं गुरगुरतं. मला दुपारी जमिनीखाली उतरून पडायचंय, बस्स."

ठेकेदाराच्या तरुण इंजिनिअरचं म्हणणं होतं की सगळी जमीन एकदम खणून काढावी, आठ दिवसांचं काम. नूरुद्दीननं मान हलवली. भिंती समुद्रातल्या दगडांच्या आणि मातीच्या होत्या. त्यांना पाया असा नव्हताच, जमिनीवर हातभर खोल टेकल्या होत्या, एवढंच. खालची माती एकदम काढली तर घर त्याच खड्ड्यात बसेल. गावाकडे त्यानं वडिलांबरोबर जुन्या विहिरी खालून बांधून काढल्या होत्या, ते काम त्याच्या हातात होतं. भिंतीखाली दोन हात रुंदीचा एक खड्डा घ्यायचा, खालून दगड-सिमेंटनं बांधून वर भिंतीला भिडवायचं, चार दिवस वाळू द्यायचं. मग पुढचे दोन सोडून तिसरा खड्डा घ्यायचा. अशी चारी भिंतींखाली नवी भिंत उभी राहिली की मगच मधली माती काढायची.

"तीन-चार महिने लागतील," इंजिनिअर म्हणाला.

"मला कुठे जायचंय?" हाजी म्हणाले.

काम सुरू झालं. चार इराणी मजूर सकाळी यायचे आणि दुपारच्या नमाजानंतर थोडं काम करून आपल्या वस्तीवर परतायचे. त्यानंतर गल्लीत नूरुद्दीन एकटाच. सुरुवातीचे पंधरा दिवस त्याला स्वर्ग वाटला. भात-कालवण करायचं, अंगणात बसून सावकाश जेवायचं, कुणाचा खोकला नाही की भांडण नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की आपण दगड मोठ्यानं मोजतो आहोत. चौथ्या आठवड्यात एक मांजर भिंतीवरून गेली, तेव्हा तो तिच्याशी बोलला. ती थांबली नाही.

शुक्रवारी तो मुरगाबच्या खोलीवर गेला. त्याच्या जागेवर दुसऱ्याची पेटी होती. सगळ्यांनी आनंदानं "बस, बस" केलं, चहा दिला. पण ते कुठल्या तरी झहूरच्या गमतीजमतीवर हसत होते आणि नूरुद्दीनला झहूर कोण ते ठाऊक नव्हतं. कुणी तरी सांगायला सुरुवात केली, "अरे तो रे, गेल्या महिन्यात आलेला..." आणि मध्येच दुसरं बोलणं निघालं. नूरुद्दीन जेवणाआधीच उठला. "राहा की," अशरफ म्हणाला. "काम आहे," नूरुद्दीन म्हणाला. शुक्रवारी कसलं काम, हे कुणी विचारलं नाही.

त्याच दिवसांत गावी त्याचंही घर बांधलं जात होतं. त्यानंच पाठवलेल्या पैशांतून, पण दुसऱ्या गवंड्याच्या हातून. धाकटा भाऊ यूनुस पत्रातून विचारायचा: जोतं किती वर घेऊ? चिरे कुठल्या खाणीचे आणू? पायऱ्या कुठल्या बाजूला? नूरुद्दीन सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर नकाशा काढायचा. पायऱ्या खाडीच्या बाजूला घे, असं त्यानं दोनदा अधोरेखित करून लिहिलं. म्हणजे ओट्यावर बसलं की पाणी दिसेल. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे. यूनुसचं उत्तर आलं तेव्हा त्यात होतं, "तुझं पत्र पोचायच्या आधीच पायऱ्या रस्त्याच्या बाजूला झाल्या. गवंडी म्हणाला, थांबून कसं चालेल. छान झाल्यात."

नूरुद्दीननं ते पत्र खिशात ठेवलं आणि खड्ड्यात उतरला. त्या दिवशी त्यानं मजुराला एकच दगड चार वेळा काढून पुन्हा बसवायला लावला. मजूर त्याच्याकडे बघत राहिला.

हाजी रोज दुपारी यायचे. ड्रायव्हर त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि ते काठी टेकत यायचे. त्यांच्यासाठी नूरुद्दीननं फळीची बैठक केली होती. ते बसून काम बघायचे, बोलायचे. मुंबईतल्या मित्रांबद्दल, वारलेल्या बायकोबद्दल, मोत्यांचा धंदा बसला त्या वर्षांबद्दल.  ते येईपर्यंत आपण चहा करत नाही, हेही नूरुद्दीनच्या हळूहळू लक्षात आलं.

जानेवारीत मधली माती काढताना साडेआठ फुटांवर ओल लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली वीतभर पाणी साचलं होतं. नूरुद्दीननं बोट बुडवून चाखलं. खारं होतं. संध्याकाळी ते उतरलं आणि सकाळी पुन्हा चढलं. समुद्र दोनशे हातांवर होता आणि वाळूतून आत येत होता.

हाजी आल्यावर तो म्हणाला, "एवढं खोल जमणार नाही हाजी. दीड फूट भर घालून वर यावं लागेल. मग डांबराचा थर, त्यावर काँक्रीट. माझ्या डोक्याला छत लागेल."

हाजींनी वाकून खाली पाहिलं. "तू उंच आहेस," ते म्हणाले. "मी नाही."

तसंच केलं. छताला आफ्रिकेहून आलेले जुनेच लाकडी गोल वासे पुसून, तेल देऊन परत बसवले. सडलेले सात बदलले. वरच्या खोल्यांचा गिलावा नवा झाला. मोतद्दाराच्या खोलीत भिंतीवर कुणी तरी खिळ्यानं घोड्याचं चित्र कोरलं होतं. हाजी म्हणाले, एवढा तुकडा सोडून गिलावा कर. तळघराला वारा यावा म्हणून नूरुद्दीननं भिंतीतून गच्चीपर्यंत एक पोकळ वाट ठेवली. अकरा पायऱ्या झाल्या.

फेब्रुवारीच्या मध्याला गिलाव्याचा शेवटचा हात चालू होता तेव्हा पत्र आलं. यूनुसनं लिहिलं होतं की घर पूर्ण झालं, घरभरणीचा मौलूद वाचला, सगळं गाव जेवून गेलं, आता सगळे नव्या घरात राहतो. अम्माला पुढची खोली दिली आहे. नूरुद्दीन पत्र हातात घेऊन तळघराच्या पायरीवर बसला. हाजी आले तरी तो उठला नाही.

"वाईट बातमी आहे?" हाजींनी विचारलं.

"नाही. माझं घर पूर्ण झालं."

"मुबारक. कसं आहे?"

नूरुद्दीन सांगायला लागला. ओटा, मग माजघर, उजव्या हाताला स्वयंपाकघर... मग तो थांबला. खिडक्या कुठे आल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. आपण सांगतोय ते कागदावरचं घर आहे, हे त्याला कळलं.  हाजी म्हणाले, "वरची चाऱ्याची खोली तू घे. मी खाली, तू वर. इथेच राहा."

"मी गावी जातोय हाजी. चार वर्षं होतील."

"जायलाच पाहिजे," हाजी म्हणाले. पण त्या दिवशी ते लवकर गेले.

मार्चच्या सुरुवातीला तो बोटीनं मुंबईला आणि तिथून गावी पोचला. रमजान तोंडावर होता. घर चांगलं झालं होतं. जांभ्याचे चिरे सरळ रेषेत, कौलं नवी. तो अंगणात उभा राहिला आणि दार कुठल्या बाजूला ते शोधायला लागला, तेव्हा शेजारच्या बाईनं बोट करून दाखवलं.

लैला, त्याची मुलगी, नऊ वर्षांची झाली होती. ती आईला म्हणायची, "त्यांना विचार, भाकरी वाढू का?" तो समोरच बसलेला असायचा.

आठ-दहा दिवस तो कोपरे तपासत, गिलाव्यावर टिचकी मारत घरभर फिरला. एका दुपारी बिल्कीस, त्याची बायको, सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्ही आल्यापासून भिंतींना हात लावून बघताय. घरात माणसंही आहेत."

"बघतोय की."

"मग सांगा, चार वर्षांत माझ्यात काय बदललं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.  ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "समोरचा दात गेलाय. आता हसले तरी दिसला नाही तुम्हाला."

ईद झाल्यावर त्यानं पायऱ्या फोडून खाडीच्या बाजूला घ्यायचं मनात आणलं. कुदळ काढलीसुद्धा. बिल्कीस दारात येऊन उभी राहिली. "या पायऱ्यांवरून मी बांधकामाला पाणी वाहिलंय," ती म्हणाली. "राहू द्या त्या." तिनं आवाज चढवला नव्हता. त्यानं कुदळ परत ठेवली. खाडी बघायला तो रोज संध्याकाळी घरामागे जाऊन दगडावर बसायचा. मे महिन्यात तो कुवेतला परतला.

ठेकेदाराकडे हजर झाला त्याच दिवशी फहद त्याला भेटायला आला. "वडील पुन्हा आमच्याकडे आहेत," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "हट्टानं तिथे राहायला गेले. स्वयंपाकीही दिला होता. पण तिसऱ्या रोजाला स्वतःच आले. एकट्यानं रोजा सोडवेना म्हणाले." त्यानं खिशातून किल्ली काढली. "घर बंद ठेवायचं नाही म्हणतात. तू राहशील का तिथे? भाडं नको."

नूरुद्दीन राहायला गेला. दिवसा शहराबाहेर कामावर, संध्याकाळी त्या गल्लीत. उन्हाळ्यात सुट्टीच्या दुपारी तो सिरदाबात उतरून पडायचा. खरंच थंड होतं, वारा वरून येत होता. पण खाली कसलाच आवाज पोचत नव्हता, मोटारीचा नाही, अजानचा नाही. झोपून उठला की क्षणभर त्याला कळायचं नाही की आपण कुठल्या देशात आहोत.

हाजी दर गुरुवारी दुपारी यायचे. तळघराच्या तोंडाशी बसून विचारायचे, "थंड आहे की नाही?"

"थंड आहे हाजी. उतरता का?"

"पुढच्या वेळी. गुडघे दुखतात."

एकदा ते म्हणाले, "बायको-मुलीला बोलावून घे. दोन खोल्या आहेत, तळघर आहे. इथे माणसं हवीत." फहदनंही हो म्हटलं, कागदपत्रांचं बघतो म्हणाला. नूरुद्दीननं त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी, नीट विचार करून पत्र लिहिलं. मग दीड महिना तो घर नीटनेटकं करत होता. स्वयंपाकासाठी ओटा बांधला, बिल्कीसच्या उंचीचा, अंदाजानं.

उत्तर लैलाच्या अक्षरात आलं. आता तिला लिहिता येत होतं. "अम्मी सांगते," तिनं लिहिलं होतं, "दादीचे डोळे गेले आहेत. तिला सोडून येता येत नाही. घर नवीन आहे, बंद ठेवलं तर वाळवी लागेल. घर बंद ठेवलं की लवकर मरतं, असं तुम्हीच सांगत होता. तुम्हीच इकडे या, असं अम्मी सांगते." खाली वेगळ्या ओळीत होतं, "अब्बा, हे पत्र मी लिहिलं आहे. चुका असतील तर माफ करा."

समोर असताना तिनं त्याला एकदाही अब्बा म्हटलं नव्हतं. त्यानं ती ओळ अनेकदा वाचली. परत जायचा विचार त्यानं केला, पण आईच्या डोळ्यांचं औषधपाणी होतं, यूनुसचं लग्न होतं. अजून दोन वर्षं, असं त्यानं कळवलं. दोन वर्षांनी एकदा दोन महिने जाऊन आला आणि पुन्हा तेच कळवलं.

१९६२ मध्ये गल्लीचा उरलेला भागही सरकारनं घ्यायचं ठरवलं. फहदनं सही केली. हाजी तोवर फार थकले होते, गुरुवारचं येणंही वर्षभरापासून बंद होतं. पाडायच्या आदल्या आठवड्यात फहद त्यांना घेऊन आला. मोटार गल्लीत शिरत नव्हती. फहद आणि नूरुद्दीननं त्यांना धरून आणलं.

"खाली जायचंय," हाजी म्हणाले.

फहद काही तरी बोलणार होता, पण नूरुद्दीननं त्यांना पाठंगुळी घेतलं आणि वाकून, डोकं सांभाळत, एक एक पायरी उतरला. खाली सतरंजी अंथरलेली होती. हाजी आडवे झाले. त्यांनी हात लांब करून भिंतीला लावला, वासे बघितले, आणि थोड्या वेळात त्यांना झोप लागली. जून महिन्यातली दुपारची वेळ होती. नूरुद्दीन पायरीवर बसला. फहदला कामावर जायचं होतं. तो घड्याळ बघत उभा राहिला, मग झगा सावरून वरच्या पायरीवर बसला. 

"याला किती दिवस लागले होते?" तासाभरानं फहदनं हळू आवाजात विचारलं.

"साडेचार महिने."

"मी एकदाही बघायला आलो नाही," फहद म्हणाला.

हाजी जागे झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. वर नेताना ते नूरुद्दीनच्या कानाशी काही तरी अरबीत पुटपुटले. त्याला ते समजलं नाही, आणि फहद पुढे गेला होता. शरद ऋतूत हाजी गेले. नूरुद्दीनला ते चार दिवसांनी कळलं. तो शामिया वसाहतीतल्या फहदच्या बंगल्यावर गेला, तेव्हा दुखवट्याला आलेले लोक पांगले होते. फहदनं त्याला आत बोलावून शेजारी बसवलं.

त्याआधीच, तबेला पाडला तेव्हा, नूरुद्दीन शहराबाहेरच्या फरवानियात राहायला गेला होता. पाच जणांची खोली, सगळे कोकणातले, बहुतेक त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "चाचा, आधी कुठे होतात?" तो म्हणाला, "शहरात." त्यांनी त्याला खिडकीखालची जागा दिली आणि रेडिओ लावला. रेडिओच्या आवाजात त्याला झोप येईना. पण बंद करा, असंही त्यानं सांगितलं नाही.

एका शुक्रवारी सगळे बाहेर गेले होते. त्यानं कागद घेतला आणि पहिल्यांदाच पत्र यूनुसच्या नावानं न लिहिता लैलाच्या नावानं लिहायला घेतलं. ती तेरा वर्षांची होती. तिला काय विचारावं ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं विचारलं, शाळा किती लांब आहे, आणि जाताना खाडी ओलांडावी लागते का.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. शाळा जवळ आहे, मशिदीच्या पाठीमागे. खाडी ओलांडावी लागत नाही. "तुम्हाला माहीत नव्हतं?" तिनं लिहिलं होतं. पुढे पान उलटून तिनं सगळं लिहिलं होतं, मैत्रिणींची नावं, कुणाची गाय व्यायली, दादी आता हातानं चाचपून चालते, अम्मीचा आणखी एक दात दुखतो. शेवटी विचारलं होतं, "तुम्ही कुठे राहता? खोली कशी आहे? नीट लिहा."

नूरुद्दीन दाराकडे पाठ करून भिंतीशी बसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि खोली कशी आहे ते लिहायला लागला.